वळणाचा हिशेब

लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांच्या जलविद्युत कंपनीने मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यास प्रारंभ केला तो १९१५ साली. १९२२ मध्ये आंध्रा खोऱ्यातील ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र चालू झाले, १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. मावळ आणि त्याला लागून असलेला मुळशी पेटा अशा रीतीने शंभर वर्षे विजेच्या इतिहासात आहेत. या इतिहासात धरणे आहेत, बुडालेली गावे आहेत, १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह आहे, सेनापती बापट आहेत. त्यांवर पुस्तके आहेत आणि ती असावीतच. परंतु वीज तारेतून जाते आणि ती तार कोणीतरी ओढून जागेवर घालावी लागते, या कामाविषयी माझ्या वाचनात मराठीत फारसे काही आलेले नाही. जे आले ते कंत्राटदाराच्या सोयीसाठी लिहिलेले होते.

प्रस्तुत लेख त्या ओढण्याविषयी आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझे चुलते आणि आमच्या वस्तीतील आणखी काही माणसे केबल ओढणाऱ्या टोळीत काम करीत आली. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यामुळे एकच गोष्ट मला दोन भाषांत ऐकायला मिळाली. एकदा फळ्यावर, एकदा चराच्या काठावर. या दोन भाषांत अंतर पडले आहे ते ज्ञानाचे आहे की आणखी कशाचे, हे पाहण्यासाठी आधी काम समजून घेतले पाहिजे.

घरातल्या भिंतीत असते ती बोटाएवढी वायर बाजूला ठेवू. हॉटेलच्या वा कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरपासून मुख्य पॅनेलपर्यंत जाणारी केबल मनगटापेक्षा जाड असते. आत ॲल्युमिनियमचे तीन पूर्ण गाभे आणि एक अर्ध्या जाडीचा. म्हणून कामगार तिला ‘साडेतीन कोअर’ म्हणतात. त्यावर वेष्टन, त्यावर पोलादी पट्ट्यांचे चिलखत आणि सर्वांवर पीव्हीसीची काळी साल. तीनशे चौरस मिलिमीटरची अशी केबल मीटरला पाच किलोच्या आसपास भरते. शंभर मीटर म्हणजे पाचशे किलो. शिवाय ती दोरीसारखी लवत नाही. मावळातल्या डिसेंबरच्या सकाळी तर ती वासा झालेली असते.

ही केबल उघड्या चरात टाकायची असेल तर काम कष्टाचे असले तरी सरळ असते. चराच्या तळाशी वाळू पसरतात, दर काही हातांवर एकेक माणूस उभा राहतो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी केबल येते आणि सगळे मिळून ती पुढे सरकवतात. वर पुन्हा वाळू, मग विटा, मग माती. वाळूच्या पाट्या आणि विटा बहुधा बाया वाहतात. पण रस्ता ओलांडायचा असेल, इमारतीखालून जायचे असेल, द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यासारखी जागा असेल, तर केबल पाईपातून न्यावी लागते. पाईपात माणूस शिरत नाही. म्हणजे केबलच्या सोबत चालणारे सगळे हात एकदम गळतात आणि उरतात ती फक्त दोन तोंडे : एकीकडून केबल आत सारायची, दुसरीकडून ओढायची. पाचशे किलोंचे सारे घासणे एका दोराच्या टोकाशी येऊन बसते. या कामाची सगळी अडचण आणि सगळी हुशारी या एका गोष्टीतून निघते.

लोणावळ्याकडे त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली पाऊस. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या गावात जमिनीतला पाईप कोरडा सापडणे कठीण. आत पाणी असते, पाण्यासोबत गाळ आणि बारीक मुरूम. दुसरी खडक. हात-दोन हात माती, खाली मुरूम आणि मग सह्याद्रीचा काळा पाषाण. पाषाण लागला की चर वळतो, चर वळला की पाईप वळतो. नकाशावर सरळ असलेली रेघ जमिनीवर तशी राहत नाही, आणि ती का वळली याची नोंद कागदावर क्वचितच होते.

टोळी कामावर येते तेव्हा पहिला दिवस बहुधा पाईपातच जातो. आधी पोलादी पट्टी किंवा जीआयची तार आत सारतात. अंतर फार असेल तर पातळ नायलॉनच्या दोरीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून मागून हवेचा झोत देतात; पिशवी शिडासारखी फुगून दोरी घेऊन पलीकडे निघते. त्या दोरीने जाड दोर ओढून घेतात. मग चिंध्यांचा घट्ट गोळा दोराला बांधून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. गोळ्यासोबत गाळ बाहेर येतो, आणि गोळा कोठे अडतो त्यावरून पाईप कोठे चेपला आहे हेही कळते. गोळा अडला असताना केबल घालण्याची घाई करणारा पर्यवेक्षक मी पाहिलेला आहे. त्या दिवशी टोळीने दोर खाली ठेवला आणि तेच योग्य होते.

केबलचा ड्रम दोन जॅकवर आडव्या दांड्यात उचलून धरतात आणि केबल ड्रमच्या वरच्या अंगाने सोडतात. ड्रमवर बाण रंगवलेला असतो. ड्रम बाणाच्या दिशेने गडगडवायचा, नाहीतर वेढे सैल होतात. केबलच्या टोकावर टोपी बसवून ते बंद केलेले असते, कारण उघड्या टोकातून पाणी तारांच्या फटीत शिरले तर सारी केबल वाया. त्या टोकावर पोलादी जाळीचा मोजा चढवतात. हा मोजा ओढला की आवळतो. जितकी ओढ तितकी पकड. आमच्याकडे जत्रेत वेताची विणलेली नळी मिळत असे, तीत बोट घातले की निघत नसे. तत्त्व तेच. मोजा आणि दोर यांच्यामध्ये फिरती कडी हवी. ती नसेल तर दोराचा पीळ केबलमध्ये उतरतो.

तोंडाशी बसलेला माणूस केबलला वंगण लावतो. हल्ली त्यासाठी पाण्यात विरघळणारे तयार वंगण मिळते. त्याआधी साबणाचे पाणी आणि शंखजिऱ्याची पूड होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी तीच असते. ग्रीस मात्र कधीही लावू नये. खनिज तेलाने पीव्हीसीची साल बिघडते आणि ग्रीस पुढे सुकून चिकट होते. पाईपाच्या तोंडाशी बसलेल्या या माणसाची बोटे सर्वांत धोक्यात असतात. केबल आणि पाईपाची कड यांच्यामध्ये सापडलेले बोट पलीकडच्या टोकाला ओढणाऱ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा आवाज शेवटचा मानतात. तो ‘थांब’ म्हणाला की थांबायचे, कारण विचारायचे नाही. पूर्वी हा निरोप पाईपावर दगडाचे ठोके मारून जात असे, आता मोबाईलवर जातो.

आणि मग हाळी. एक जण आवाज देतो, बाकीचे ‘हैश्शा’ म्हणतात. हौस म्हणून हे चालते असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तो घड्याळाचा ठोका आहे. दहा माणसांनी दहा वेळी लावलेला जोर वाया जातो, एकाच क्षणी लावलेला कामी येतो. शिवाय थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा हलती वस्तू हलती ठेवायला कमी लागतो. पुस्तकात याला स्थितिक आणि गतिक घर्षण म्हणतात. चुलते म्हणत, “हलती केबल शेळी, बसली की म्हैस.” त्यामुळे एकदा निघालेली केबल पलीकडे दिसेपर्यंत थांबवायची नाही, असा टोळीचा नेम.

आता वळणाकडे येऊ. चुलत्यांना नव्या कामावर बोलावले की ते पहिला प्रश्न विचारीत तो “वाकणं किती?” हा. पाईप किती लांब, हे मागाहून. ठेकेदाराला हे उलटे वाटे. पण त्यांचाच क्रम बरोबर होता, आणि तो का बरोबर होता हे गणिताने दाखवता येते.

गावात बैलाचा कासरा खुंटाला दोन वेढे देऊन धरला की लहान पोरही दांडगा बैल थोपवते. जोर पोराचा नसतो. दोर खुंटावर घासतो, त्या घासण्याचा असतो. दर वेढ्याला हे थोपवणे मिळवले जात नाही, गुणले जाते. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्यात धरणाऱ्याची ताकद साडेसहा पटीने वाढते आणि दोन वेढ्यांत सुमारे त्रेचाळीस पटीने. ऑयलर या अठराव्या शतकातील स्विस गणितज्ञाच्या नावाने हा नियम शिकवला जातो. कासरे, दावी, मोटेचे नाडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वळले त्या मातंग समाजाला दोर कोठे घासतो, कोठे काचतो आणि कोठे धरतो हे माहीत असल्याशिवाय त्यांचा धंदा झालाच नसता. त्या माहितीला कोणाचे नाव मिळाले नाही.

खुंटावरचा हाच नियम पाईपात आपल्या विरुद्ध जातो. पाईपाचे काटकोनी वळण म्हणजे पाव वेढा. घर्षणांक ०.५ धरला, म्हणजे कोरडा आणि थोडा गाळ असलेला पाईप, तर एका काटकोनात ताण २.१९ पट होतो. चार काटकोनांत तेवीस पट. लांबीचा ताण मात्र नुसता मिळवला जातो : मीटरला पाच किलोची केबल, घर्षणांक ०.५, म्हणजे दर मीटरला अडीच किलोची भर.

एक उदाहरण घेऊ. शंभर मीटरचा पाईप आहे आणि त्यात एकच काटकोनी वळण आहे. पहिल्या टोकापासून दहा मीटरवर. केबल पहिल्या टोकाने आत घातली तर वळणापर्यंत ताण पंचवीस किलो, वळण ओलांडल्यावर पंचावन्न, आणि पुढच्या नव्वद मीटरचे सव्वादोनशे मिळवून एकूण दोनशे ऐंशी. तीच केबल दुसऱ्या टोकाने घातली तर नव्वद मीटरचे सव्वादोनशे आधीच जमलेले असतात. वळण त्यांना २.१९ ने गुणते, चारशे त्र्याण्णव होतात, आणि उरलेल्या दहा मीटरचे पंचवीस मिळवून पाचशे अठरा. पाईप तोच, केबल तीच, लांबी तीच. एका माणसाने सलग पंचवीस किलोंचा जोर लावला असे धरून चाललो तर पहिल्या रीतीला बारा माणसे लागतात, दुसरीला एकवीस. ड्रम कोठे उभा करायचा एवढ्या एका निर्णयात नऊ माणसांच्या अंगाचा हिशेब आहे. ड्रमचा ट्रक कोठवर येतो आणि साहेबांच्या गाडीला कोठे जागा लागते, यावर हा निर्णय होताना मी पाहिला आहे.

वंगणाचीही हीच गोष्ट. घर्षणांक ०.५ वरून ०.२ वर आला की त्या दुसऱ्या, वाईट रीतीतही पाचशे अठराचे एकशे तेहतीस होतात. चार काटकोनांची तेवीस पट साडेतीन पटीवर येते. वंगणाचा डबा वाचवणे म्हणजे काय वाचवणे आणि ते कोणाच्या अंगावरून वाचवणे, हे या आकड्यांत दिसते.

जोर अधिक झाला की माणसाबरोबर केबलही बिघडते. वळणाच्या आतल्या भिंतीवर केबल दाबली जाते. ताणाला वळणाच्या त्रिज्येने भागले की तो दाब मिळतो. पाचशे किलोंचा ताण आणि अर्ध्या मीटरची त्रिज्या असेल तर दर मीटरला हजार किलो. म्हणून वळण घळघळीत हवे, केबलच्या व्यासाच्या निदान बारा ते पंधरा पट त्रिज्येचे. ॲल्युमिनियमच्या गाभ्यालाच धरून ओढले तर दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन, तांब्याला ५० न्यूटन, यापलीकडे ताण जाऊ देऊ नये, असे भारतीय मानक १२५५ मध्ये, त्याच्या १९८३ च्या आवृत्तीत, सांगितले आहे. नुसत्या मोजाने ओढताना मर्यादा वेगळी असते. तीन सुट्या केबली एका पाईपात घालायच्या असतील तर आणखी एक पेच असतो. पाईपाचा आतला व्यास एका केबलच्या व्यासाच्या तिप्पट भरला तर वळणावर तिन्ही केबली एका ओळीत येतात आणि पाचर ठोकल्यासारख्या अडकतात. पाईप त्याहून थोडा मोठा वा थोडा लहान असता तर हे झाले नसते. याचा दोषही बहुधा ओढणाऱ्यांच्या माथी येतो.

आता पैशाकडे वळू. सरकारी दरसूचीत केबल टाकण्याचा दर मीटरवर असतो. केबलची जाडी बदलली की दर बदलतो, ती चरात, पाईपात की भिंतीवर यानेही बदलतो. मी पाहिलेल्या मोजमाप-पुस्तकांत वळणाला रकाना नव्हता. लांबी, जी नुसती मिळवली जाते, तिचे पैसे आहेत. वळण, जे गुणते, त्याचे नाहीत. मुख्य कंत्राटदार मीटरवर घेतो, पोटकंत्राटदाराला मीटरवर देतो, तो मुकादमाला दिवसावर किंवा ‘ओढ’ ठरवून उक्ते देतो. तीन वळणांचे काम आणि सरळ काम एकाच भावात मुकादमाच्या पदरात पडते आणि फरक माणसांच्या खांद्यांतून भरून निघतो. कोणी एकाने बसून हा अन्याय रचला असे मी म्हणत नाही. ज्यांनी रकाने आखले त्यांना कधी दोर धरावा लागला नाही, एवढे पुरेसे आहे.

मी पाहिलेल्या टोळ्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, कातकरी आणि ठाकर आहेत, मराठवाड्यातून आणि बिहारमधून आलेलेही आहेत. कागदावर हे सारे ‘हेल्पर’. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यातून बाहेर पडलेल्याला परवाना मिळतो आणि परवान्यावर सही करता येते. जोडणी चुकली तर आग लागते, तेव्हा परवाना हवा यात वाद नाही. परंतु वीस वर्षे केबल ओढणारा माणूस वीस वर्षांनीही हेल्परच राहतो, त्याने शिकलेले काही मोजलेच जात नाही, याचे समर्थन कोणत्या शास्त्राने करायचे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न नेमका ओळखला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयांच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. विजेच्या आणि पाटबंधाऱ्यांच्या नियोजनाची धोरणसमितीही त्यांच्या अध्यक्षतेखाली होती आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच काळात उभे राहिले. हे आपण भाषणांतून सांगतो. पण १९४२ सालीच व्हाइसरॉयांना दिलेल्या अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या निवेदनात त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी मांडल्या होत्या, त्यांकडे कमी लक्ष जाते. एक, अस्पृश्य तरुणांना तांत्रिक शिक्षणाची आणि उमेदवारीची सोय. दुसरी, केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत अस्पृश्यांना वाटा. हात आणि कंत्राट यांच्यामधली जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते.

आपल्या साहित्याविषयीही येथे एक तक्रार नोंदवतो. आपल्या कथा-आत्मकथनांत घाम आला, भूक आली, अपमान आला, आणि ते येणे ऐतिहासिक गरजेचे होते. कष्टातली अक्कल मात्र त्या मानाने कमी आली. केबल ओढणारा बाप गोष्टीत थकून घरी येतो. ड्रम कोणत्या टोकाला ठेवायचा यावरून तो साहेबाशी भांडला, आणि त्याचे बरोबर होते, हे गोष्टीत येत नाही. दुःखाची साक्ष देणाऱ्यांनी या अकलेचीही साक्ष द्यायला हवी.

धोक्याविषयी दोन शब्द, कारण कार्यकर्त्यांना त्याचा उपयोग आहे. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नायलॉनचा दोर तुटला की चाबकासारखा परततो. दुसरा धोका दिसत नाही. लांब पाईपाच्या मध्ये चेंबर असतात. महिनोन्‌महिने बंद असलेल्या चेंबरमध्ये पुरेसा प्राणवायू उरलेला नसू शकतो, शेजारच्या गटाराचे पाणी झिरपले असेल तर विषारी वायूही असू शकतो. झाकण उघडून ठेवणे, हवा खेळवणे, वायू तपासणे आणि वर माणूस असल्याशिवाय खाली न उतरणे, एवढे तरी झालेच पाहिजे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टाकी यांविषयी आहे. केबलचे चेंबर त्यात येत नाही. माणूस मात्र बहुधा त्याच वस्त्यांमधला असतो.

इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत वीजवहन, वीजवितरण आणि विजेच्या तारांची कामे घेतली होती. नोव्हेंबर २०२५ पासून तो श्रमसंहितांत सामावला गेला. व्याख्येतले हे काम तेथेही आहे. म्हणजे केबल ओढणारा हा कायद्याने बांधकाम कामगार आहे आणि वर्षात नव्वद दिवस काम केले असेल तर मंडळाकडे नोंदणीला पात्र आहे. गाडी अडते ती नव्वद दिवसांच्या दाखल्यावर. मुख्य कंत्राटदार म्हणतो माणसे माझी नाहीत, पोटकंत्राटदाराचा पत्ता सापडत नाही, मुकादमाच्या सहीला किंमत नाही. आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी तळेगाव आणि कामशेतच्या टोळ्यांसाठी साध्या वह्या करून दिल्या आहेत. त्यात तारीख, जागा, केबलची जाडी, पाईपाची लांबी, माणसे किती आणि वळणे किती, एवढे रकाने आहेत. वही मुकादमाकडे राहते आणि संध्याकाळी कोणीतरी लिहिता येणारा ती भरतो. पहिल्या वहीत वळणांचा रकाना शेवटी होता. टोळीने सांगितल्यावरून दुसऱ्या वहीत तो पहिला घेतला.